रेस्टिक : बेळगावच्या एका प्रेसमध्ये वापरून बघितलेला बॅकअप, आणि मुख्य म्हणजे रिस्टोअर

बॅकअप सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू वाचायला घेतले की बहुतेक ठिकाणी बॅकअप किती फास्ट झाला, किती जागा वाचली, एवढंच असतंय. परत काढून बघितला का, मशीन त्यावरून उभं राहिलं का, याबद्दल अवाक्षर नाही. मला हे पटत नाही. बॅकअप रोज रात्री आपोआप होतोय म्हणून माणूस निवांत असतोय आणि ज्या दिवशी डिस्क जाते त्या दिवशी कळतंय की फोल्डर आहे पण आत अर्धंच आहे. म्हणून रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरचा हा रिव्ह्यू मी रिस्टोअरच्या, म्हणजे बॅकअपमधून सगळं परत काढण्याच्या बाजूनं लिहितोय.

आधी कुठं वापरतोय ते सांगतो. मी बेळगावात शहापूर, वडगाव, टिळकवाडी या भागातल्या काही दुकानांची आणि ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं बघतो. त्यातलं सगळ्यात मोठं काम एका ऑफसेट प्रेसचं. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांची पावती पुस्तकं आणि अहवाल, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या, सगळं मराठीत, कन्नडमध्ये, बरेचदा दोन्हीत. डिझाइनची मशिनं विंडोजवर कारण कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, पण सगळ्या जॉबच्या फायली एका लिनक्स मशिनवर असतात, सांबाचं शेअर करून, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या मशिनांना ते फोल्डर दिसतंय. तेच मशीन प्रिंटरचं पण बघतंय. ते बंद पडलं की प्रेस बंद, इतकं साधं आहे.

रेस्टिकच्या आधी मी बॅकअपसाठी बाकीची बरीच सॉफ्टवेअरं वापरलीत. टार म्हणजे १९७९ पासूनचं, भरवशाचं, पण रोज पूर्ण गठ्ठा बांधायचा म्हटलं की डिस्क पुरत नाही. आरसिंक मला अजून आवडतं, १९९६ पासून आहे आणि कॉपी अगदी चोख करतंय, पण साधं वापरलं तर त्यात एकच कॉपी राहते, म्हणजे कुणी सोमवारी फाईल खराब केली आणि रात्री आरसिंक चाललं की मंगळवारी बॅकअपमध्ये पण खराबच फाईल. डीडी अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलतंय, रिकामी जागासुद्धा, आणि चालू सिस्टिमवर ते करूच नये. टाइमशिफ्ट सिस्टिमसाठी चांगलं आहे पण ते होम फोल्डर, म्हणजे जिथं आपल्या फायली असतात ते, मुळात सोडून देतंय, आणि आमचा सगळा जीव होममध्ये. बोर्ग मात्र खरंच तोडीचं आहे, मी दोन ठिकाणी ते अजून चालवतोय, फक्त विंडोजवर ते सरळ चालत नाही आणि मला दोन्हीकडं एकच कमांड पाहिजे होती. म्हणून रेस्टिक.

रेस्टिक अलेक्झांडर नॉयमन या जर्मन प्रोग्रॅमरनं सुरू केलं, २०१५ पासून आहे, फुकट आहे, सोर्स कोड उघडा आहे, गो भाषेत लिहिलंय. याचा मला पटलेला फायदा असा की सगळं मिळून एकच फाईल असते. इन्स्टॉल वगैरे काही नाही, पेनड्राइव्हवर ती एक फाईल ठेवली की कुठल्याही मशिनवर चालतंय. हे रिस्टोअरच्या दिवशी किती कामाचं आहे ते पुढं सांगतोच. डेबियन आणि उबुंटूमध्ये एपीटीनं मिळतंय पण ती आवृत्ती बरेचदा जुनी असते, त्यामुळं मी मूळ प्रोजेक्टची फाईलच उतरवून घेतो, तिला सेल्फ अपडेट म्हटलं की ती स्वतःच नवी होते.

वापर सोपा आहे. रेस्टिक इनिट म्हणून एकदा रिपॉझिटरी, म्हणजे बॅकअप साठवायची जागा, तयार करायची, बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा दुसऱ्या मशिनवर नेटवर्कवरून (एसएफटीपीनं) किंवा क्लाउडवर, मग रेस्टिक बॅकअप आणि पुढं फोल्डरचं नाव. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर फक्त बदललेलं जातंय. प्रत्येक वेळी एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या फायलींची नोंद, होतो आणि प्रत्येक स्नॅपशॉट पूर्ण असतो, म्हणजे आधी पूर्ण बॅकअप काढा मग त्यावर रोजचे तुकडे एकावर एक लावा अशी साखळी नाही. मधला कुठलाही स्नॅपशॉट काढून टाकला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही.

जागा कशी वाचते ते जरा नीट सांगतो कारण प्रेसवाल्यांना याचाच फायदा जास्त. रेस्टिक मोठ्या फायलीचे तुकडे करतं, एकेक तुकडा साधारण १ एमबीचा, कमीत कमी अर्धा एमबी आणि जास्तीत जास्त ८ एमबी. तुकडा कुठं तोडायचा हे आतला मजकूर बघून ठरतंय, ठरावीक अंतरावर नाही, त्यामुळं फाईलच्या सुरवातीला काही घातलं तरी पुढचे सगळे तुकडे बदलत नाहीत. प्रत्येक तुकड्याचा शा-२५६, म्हणजे आतल्या मजकुरावरून ठरणारा ओळख क्रमांक, काढायचा आणि तोच तुकडा आधी असेल तर परत लिहायचा नाही. आता प्रेसमध्ये काय असतंय, पत्रिका फायनल, पत्रिका फायनल नवीन, पत्रिका फायनल मामांनी सांगितलेली, आणि यातल्या निम्म्या फायली आतून एकसारख्याच असतात, फक्त नाव वेगळं आणि फोल्डर वेगळं. या सगळ्या बॅकअपमध्ये एकदाच जातात. पण एक आहे, नवी कोरलची फाईल आतून आधीच दाबलेली असते, त्यामुळं एक अक्षर बदलून सेव्ह केली तरी आतलं बरंच बदलतं आणि तिथं बचत कमी होते. स्कॅन केलेल्या टिफ फायलींवर मात्र भरपूर. २०२२ च्या ०.१४ आवृत्तीपासून झेडस्टॅंडर्ड कॉम्प्रेशन पण आलंय. रिपॉझिटरी त्याच्या आधीची असेल तर एकदा मायग्रेट करून दुसऱ्या फॉरमॅटवर न्यावी लागते, तेवढं करून घ्या.

लाईट जाण्याचा विषय आपल्याकडं काढायलाच पाहिजे. पावसाळ्यात बेळगाव-खानापूर पट्ट्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि यूपीएसची बॅटरी जुनी झाली की दहा मिनिटं पण धरत नाही. बॅकअप चालू असताना मशीन बंद पडलं तर काय, हे मी मुद्दाम स्विच काढून बघितलंय. स्नॅपशॉटची नोंद सगळ्यात शेवटी लिहिली जाते, त्यामुळं अर्धवट बॅकअप कधी पूर्ण झाल्यासारखा दिसत नाही. आणि आधी लिहिलेले तुकडे वाया जात नाहीत, परत चालवलं की ते जवळजवळ तिथूनच पुढं जातंय. फक्त जुनं लॉक, म्हणजे काम चालू असल्याची खूण, मागं राहिलेलं असतंय आणि काही कामं त्यावर अडतात, तेव्हा रेस्टिक अनलॉक म्हणायचं, ते फक्त मेलेली लॉकं काढतं, चालू असलेलं काम असेल तर त्याला हात लावत नाही.

पासवर्ड. इथं जरा थांबून वाचा. रेस्टिकमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय डेटा वाचता न येणं, मुळातूनच असतं, एईएस-२५६ पद्धतीचं, आणि पासवर्ड हरवला तर डेटा गेला. कुणीच काढू शकत नाही, ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं तोसुद्धा नाही. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, जमिनीचे उतारे, सोसायटीच्या सभासदांच्या याद्या, हे सगळं छपाईसाठी आमच्याकडं येतं आणि डिस्क कुणाच्या हाती लागली तर ते उघडं पडू नये, म्हणून हे मला बरोबरच वाटतं. चांगली गोष्ट अशी की एका रिपॉझिटरीला जास्त पासवर्ड लावता येतात, रेस्टिक की अॅड म्हणून. प्रेसच्या मालकांचा वेगळा आणि माझा वेगळा. त्यांचा कागदावर लिहून तिजोरीत आणि एक प्रत घरी वैनींच्याकडं. मी उद्या गावात नसलो किंवा काम सोडलं तरी त्यांचं अडायला नको. कॉम्प्युटरवाला माणूस बदलला की दुकानाचा डेटा त्याच्याबरोबर जातो हे आपल्याकडं फार झालंय आणि ते बंद व्हायला पाहिजे.

फायलींची नावं मराठी आणि कन्नड दोन्हीत असतात आमच्याकडं, त्याची मला सुरवातीला काळजी होती. काही अडचण आली नाही. टर्मिनलवर जोडाक्षरं कधी फाटल्यासारखी दिसतात, पण तो दाखवणाऱ्या टर्मिनलचा प्रश्न, फाईल परत काढली की नाव अगदी जसंच्या तसं. रेस्टिक फाइंडला मराठी नाव दिलं तरी शोधतंय. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फाँट. जुन्या डीटीपीच्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, तो ठरावीक फाँट नसेल तर मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. फाईल सुखरूप आणि वाचता येत नाही, मग त्या बॅकअपचं करायचं काय? म्हणून विंडोजच्या मशिनवरचं फाँटचं फोल्डर बॅकअपच्या यादीत हवंच हवं, आणि फाँटवाल्यांनी दिलेला कीबोर्ड ड्रायव्हरचा सेटअप असेल तर तोपण.

एक-दोन फायली परत काढायच्या असतील तर मला रेस्टिक माउंट सगळ्यात आवडतं. लिनक्सवर सगळे स्नॅपशॉट तारखेप्रमाणं फोल्डरसारखे दिसतात, आत जायचं, पाहिजे ती फाईल उचलायची. २०२४ मध्ये कर्नाटकात पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा आला तेव्हा बरेच दुकानदार जुन्या पाटीचं डिझाइन मागायला आले, नवी करून घ्यायला. त्यातल्या काहींच्या फायली चालू फोल्डरमधून कधीच पुसलेल्या होत्या. मासिक स्नॅपशॉट ठेवलेले असल्यामुळं त्या मिळाल्या आणि डिझायनरला नव्यानं सगळं बसवत बसावं लागलं नाही. काका, म्हणजे प्रेसचे मालक, मागं उभे राहून बघत होते, म्हणाले, “अरे, काळ्या स्क्रीनवर काय टाईप करायलायस म्हणून विचारत होतो मी, हे असं असतंय होय!” त्या दिवसापासून रोज सकाळी बॅकअप झाला का ते स्वतः विचारतात, आणि मला याचा फार आनंद आहे कारण मालकानं विचारल्याशिवाय कुठलाच बॅकअप टिकत नाही.

आता पूर्ण सिस्टिम परत उभी करायचं. लग्नसराईत लिनक्स मशिनची एसएसडी गेली. आधी हळू झाली, मग फायली उघडेनात, मग बायोसमध्ये दिसेनाच. नवी एसएसडी आणली, ज्याच्यावर अख्खं लिनक्स असतं अशा लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, त्याच पेनड्राइव्हवर रेस्टिकची ती एक फाईल होती. पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) सुरू झालाय ना ते आधी बघायचं, नाहीतर शेवटी बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, टाकताना अडतंय. पार्टिशन पाडली, एक छोटं ईएफआयचं फॅट-३२ मध्ये आणि बाकी ईएक्सटी-४, ती एमएनटीखाली माउंट केली. मग रेस्टिक स्नॅपशॉट्स म्हणून यादी बघितली आणि रेस्टिक रिस्टोअर लेटेस्ट, डॅश डॅश टार्गेट स्लॅश एमएनटी, आणि बरोबर डॅश डॅश होस्ट लावून त्या मशिनचं नाव. हे होस्ट विसरू नका. एकाच रिपॉझिटरीत दोन-तीन मशिनांचे बॅकअप असतील तर नुसतं लेटेस्ट म्हटल्यावर कुठल्याही मशिनचा शेवटचा स्नॅपशॉट येऊ शकतो, आणि लिनक्सच्या डिस्कवर विंडोजच्या फायली उतरायला लागतील. हे सगळं रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणूनच चालवायचं, तरच मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा येतात. डॅश डॅश व्हेरिफाय लावलं तर लिहिलेल्या फायली परत वाचून तपासतं, वेळ जास्त जातो पण तो जाऊ द्यावा.

फायली आल्या म्हणजे मशीन सुरू होत नाही, हे इथं स्पष्ट सांगतो. नव्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, वेगळा असतो आणि कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं ते लिहिलेल्या एफएसटॅब फाईलमध्ये जुना असतो, बीएलकेआयडीनं नवा बघून तिथं बदलायचा. मग डेव्ह, प्रॉक, सिस हे तीन बाईंड माउंट करून सीएचरूटनं परत आणलेल्या सिस्टिमच्या आत जायचं, ग्रब म्हणजे तो बूटलोडर, त्यासाठी ग्रब इन्स्टॉल, अपडेट ग्रब, आणि बाहेर येऊन रीबूट. दुपारी जेवणाच्या सुमाराला सुरू केलं होतं, संध्याकाळी डिझाइनच्या मशिनांना शेअर दिसायला लागलं, प्रिंटरसुद्धा आधीच्याच नावानं, कुणाला काही नव्यानं सेट करावं लागलं नाही. आदल्या रात्रीपर्यंतच्या सगळ्या पत्रिका जागेवर. माझ्यासाठी या सॉफ्टवेअरचे सगळे मार्क या एका संध्याकाळचे आहेत.

आता खटकणाऱ्या गोष्टी, त्या पण आहेत.

बूटलोडर, पार्टिशन हे रेस्टिक बघतच नाही, वर लिहिलेलं सगळं हातानं करावं लागतं. ज्याला हे जमत नाही त्यानं नवी सिस्टिम टाकून नुसतं होम आणि सेटिंगचं एटसी फोल्डर परत आणावं, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी क्लोनझिलानं अख्ख्या डिस्कची एक इमेज काढून ठेवावी आणि रोजचं काम रेस्टिकवर सोडावं. दोन्ही ठेवणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

दुसरं, काय वगळायचं ते आपणच सांगावं लागतं. प्रॉक, सिस, डेव्ह, रन, टीएमपी या फोल्डरांच्या आतलं वगळायचं पण फोल्डर ठेवायचं, म्हणून पॅटर्नमध्ये शेवटी स्लॅश आणि तारा. यासाठी वन फाईल सिस्टिम (दिलेल्या पार्टिशनच्या बाहेर जाऊ नको) हा पर्याय सोपा वाटतो, आणि आहेच, पण त्यात एक खड्डा आहे, होम किंवा बूट जर वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते पण गुपचूप वगळलं जातंय. आपण सिस्टिमचा बॅकअप घेतला म्हणून खूश आणि आत होम रिकामं! त्यामुळं प्रत्येक पार्टिशनचं नाव कमांडमध्ये वेगळं द्यायचं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे पण ते मोठ्या अक्षरात पाहिजे होतं.

तिसरं, जुने स्नॅपशॉट काढण्याचं. फर्गेट म्हटलं की फक्त यादीतून जातात, जागा रिकामी होत नाही, त्याला प्रून लागतं आणि मोठ्या रिपॉझिटरीवर प्रून बराच वेळ घेतं. मी रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ ठेवतो आणि प्रून रविवारी, प्रेस बंद असते तेव्हा. रॅमही खातंय, कारण सगळी सूची मेमरीत घेतंय. २ जीबी रॅमच्या जुन्या मशिनवर मोठी रिपॉझिटरी असेल तर जड जाईल.

आणि रेस्टिक चेक. नुसतं चेक म्हटल्यावर रचना तपासतं, प्रत्यक्ष डेटा वाचत नाही. डिस्कवर एखादा सेक्टर गेलेला असेल तर ते रीड डेटा लावल्यावरच कळेल. सगळं एकदम वाचायला वेळ नसेल तर रीड डेटा सबसेटला १० टक्के सांगून दर आठवड्याला थोडं थोडं वाचता येतं. मी हे टायमरवर टाकलंय. टायमरचं पण सांगतो, आपल्याकडं रात्री मशीन बंद करून जातात, ठरल्या वेळी काम चालवणारा साधा क्रॉन रात्री २ वाजता लावला तर तो कधीच चालणार नाही, लिनक्सच्याच सिस्टिमडीच्या टायमरमध्ये पर्सिस्टंट चालू करा म्हणजे सकाळी मशीन सुरू झाल्यावर राहिलेलं काम उरकतंय.

चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलू नका, आधी डंप, म्हणजे डेटाबेसनं स्वतः काढून दिलेली पूर्ण प्रत, काढा आणि तो पाईपनं स्टँडर्ड इनपुटमधून रेस्टिकला द्या. टॅली असेल तर सगळ्यांनी बंद केल्यावरच बॅकअप. विंडोजवर उघड्या फायलींसाठी यूज एफएस स्नॅपशॉट हा पर्याय आहे, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं, आमच्या डिझाइनच्या मशिनांवर तो लावलाय. पण विंडोजची अख्खी सिस्टिम यातून परत उभी करायचा विचार करू नका, तिथं फक्त फायली.

डिस्क एकाच जागी ठेवण्याबद्दल माझं मत कडक आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. ज्या दुकानात पाणी शिरलं तिथं मशीन आणि त्याच्या शेजारची बॅकअपची डिस्क दोन्ही एकदमच पाण्यात. म्हणून प्रेसची एक प्रत खानापूरला काकांच्या मेव्हण्याच्या घरी जाते, तिथं माळ्यावरच्या खोलीत एक जुनं मशीन आहे, त्यावर नेटवरून बॅकअप घेणारा रेस्टिकचाच रेस्ट सर्व्हर, अपेंड ओन्ली करून. म्हणजे इथून नवीन भर घालता येते पण जुनं पुसता येत नाही. इथल्या मशिनमध्ये रॅन्समवेअर शिरला आणि त्यानं सगळं लॉक केलं तरी खानापूरची जुनी प्रत त्याला काढून टाकता येणार नाही. पहिली मोठी प्रत डिस्कवर घेऊन तिथं नेऊन उतरवली, कारण आमच्या नेटवरून ती पाठवणं शक्य नव्हतं, आता रोजची भर मात्र सहज जाते.

कमांड लाईनची ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी बॅकरेस्ट म्हणून वेगळं कुणी केलेलं वेब पान आहे, रेस्टिकवरच चालतं, ब्राउझरमधून स्नॅपशॉट दिसतात. प्रेसच्या मुलांना मी तेच लावून दिलंय, एखादी फाईल परत काढायला ती मला फोन करत नाहीत. सगळं इंग्रजीत आहे, मराठी-कन्नड काही नाही, तरी दोन दिवसांत हात बसला त्यांचा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कमी केला तो वन फाईल सिस्टिमच्या त्या खड्ड्यासाठी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कुणाला प्रेस किंवा दुकानासाठी हे बसवायचं असेल आणि वगळायच्या फोल्डरांची माझी यादी पाहिजे असेल तर खाली लिहा, मराठी-कन्नड फाँटच्या फोल्डरांसकट पाठवून देतो.